बरणीतल्या बागेला उजेड: किती, कुठून आणि कुठल्या दिव्याचा

टेरॅरियममधली फिटोनिया उंचच उंच सुटली आहे, नवी पानं बारकी येत आहेत, मॉस मरगळलं आहे. तर आता जास्त उजेडाचा दिवा कुठला घ्यावा? हावडा-कोलकात्याकडच्या मराठी वाचकांचा हा नेहमीचा प्रश्न. पावसाळ्यात तो येतो, डिसेंबरात हटकून येतो. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी जांभळ्या उजेडाचा, यूएसबीवर चालणारा एखादा दिवा आधीच घेतलेला असतो आणि झाड मात्र होतं तिथेच असतं. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेक घरांत खास ‘ग्रो लाइट’ लागतच नाही. साधा पांढरा एलईडी दिवा, त्यावर बरी छत्री आणि झाडापासून बेताचं अंतर, एवढ्यावर काम होतं. दुकानात जाण्याआधी मात्र दोन-तीन गोष्टी तपासून घ्या.

काचेत पाणी टिकतं, उजेड टिकत नाही

शिबपूरचं वनस्पती उद्यान तुम्ही पाहिलं असेलच. आज त्याला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचं नाव आहे. ते १७८७ सालचं. रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून आणलेली चहाची रोपं १८५१ मध्ये याच बागेत उतरली, काचेच्या बंद पेट्यांमधून. त्या वेळी ह्यू फाल्कनर बागेचे अधीक्षक होते. लंडनचे डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांनी शोधलेल्या या पेट्या म्हणजे आपल्या टेरॅरियमचं मूळ. त्यांत ओल कोंडली जायची, तेच पाणी फिरून मातीत मुरायचं, आणि महिनोन्‌महिने पाणी न घालता रोपं तगायची. अट एकच होती: पेटी जहाजाच्या डेकवर, उजेडात हवी. खालच्या अंधाऱ्या कोठारात ढकलली की रोपं संपलीच.

हावड्याच्या जुन्या वस्तीतली पुष्कळ घरं याच कोठाराच्या जवळपास जातात. समोरची भिंत हाताच्या अंतरावर, खिडकीला जाळी, जाळीवर धूळ, पावसाळ्यात बाल्कनीला प्लॅस्टिकचा पडदा. आपल्या डोळ्यांना खोली उजेडाची वाटते, कारण डोळे जुळवून घेतात. पानांना ती सोय नाही.

आधी खात्री करा: दुखणं उजेडाचंच आहे ना?

उजेड कमी पडत असेल तर ही लक्षणं दिसतात:

- दोन पानांमधलं अंतर वाढत जातं, खोड सुतासारखं होतं आणि खिडकीकडे कलतं.
- नवं पान आधीच्या पानापेक्षा लहान येतं.
- फिटोनियाच्या गुलाबी-पांढऱ्या शिरा फिकट होत हिरव्यात मिसळतात.
- माती आठवडेच्या आठवडे ओली राहते, कारण झाड पाणी ओढतच नाही.

बुडाशी खोड काळं पडून मऊ झालं असेल, तर ते जास्त पाण्याचं दुखणं आहे. तिथे दिवा वाढवून काही होणार नाही. पानावर पांढरट, कागदासारखे डाग पडले असतील तर उलट उजेड किंवा उष्णता जास्त होते आहे. आतून काचेवर हिरवा थर धरत असेल तर ते शेवाळ; त्याला उजेडही भरपूर मिळतो आहे आणि बहुधा तुम्ही खतही घातलेलं आहे.

आणखी एक गोष्ट. बंद बरणीत निवडुंग किंवा सक्युलंट लावून विकलेलं ‘टेरॅरियम’ घरी आलं असेल, तर त्याला दिवा शोधत बसू नका. ती झाडं कोरड्या हवेची आहेत. बरणीतून काढून कुंडीत लावा, गच्चीवर ठेवा. दुकानदाराने काहीही सांगितलेलं असो.

उजेड मोजा, अंदाज बांधू नका

फोनवर लक्स दाखवणारं कुठलंही मोफत ॲप चालेल. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये उजेड मोजणारा डोळा सेल्फी कॅमेऱ्याजवळ असतो. बरणी जिथे ठेवता तिथे, झाडाच्या उंचीवर, फोन आडवा आणि पडदा वर करून ठेवा. वाकून बघताना स्वतःची सावली पाडू नका. आकडा तंतोतंत नसतो, पण एकाच फोनने दोन जागांची तुलना करायला पुरतो. सकाळी, दुपारी आणि दुपारी चारनंतर, असं तीनदा मोजा.

डोळे किती फसवतात ते या आकड्यांवरून कळेल:

- भर दुपारचं मोकळं ऊन: सुमारे १,००,००० लक्स
- झाडाखालची उजळ सावली: १०,००० च्या आसपास
- बऱ्या खिडकीपासून हातभर आत: १,००० ते २,०००
- रात्री दिवा लावलेली बैठकीची खोली: १०० ते ३००

काच काही उजेड खाते. स्वच्छ पारदर्शक काचेत साधारण दहावा भाग वाया जातो. हिरवट किंवा निळसर बाटली असेल तर बराच जास्त. फाउंड्र्या आणि मालवाहू गाड्यांच्या रस्त्याला घर असेल तर झाकणावर बसणारा बारीक काळसर थर वेगळाच. दर आठवड्याला झाकण ओल्या फडक्याने पुसा. फुकटात मिळणारा हा उजेड पुष्कळ जण सोडून देतात.

तुमच्या झाडांना किती हवा

खालचे आकडे पानांपाशी मोजलेले, दिवसाला १० ते १२ तास दिवा धरून:

- मॉस, बारके नेचे, सेलॅजिनेला, फिटोनिया, पेपेरोमिया: २,००० ते ५,००० लक्स
- लहान बिगोनिया, क्रिप्टँथस, पायलिया: ४,००० ते ८,००० लक्स
- दवबिंदू म्हणजे ड्रोसेरा आणि इतर कीटकभक्षी: १०,००० लक्स किंवा त्याहून जास्त

एकाच पेटीत तिन्ही गट लावलेत तर कुणीतरी उपाशी राहणार किंवा कुणीतरी भाजणार. आधी सर्वांत कमी उजेडावर भागणाऱ्यांची पेटी करा.

कीटकभक्षींबद्दल एक इशारा. मेघालयातली घटपर्णी, नेपेंथिस खासियाना, वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. रानातून उपटलेली घेणं हा गुन्हा आहे. विक्रेता ‘जंगलातून आणली’ म्हणून कौतुकाने सांगू लागला तर तिथूनच माघारी फिरा. कोकणातल्या सड्यांवरचे ड्रोसेराही सुट्टीत गावी गेल्यावर खणून आणू नका. रोपवाटिकेत तयार केलेली रोपं बिलासकट घ्या.

दिव्यांचे पर्याय, गुणदोषांसकट

साधा एलईडी बल्ब आणि छत्रीचा टेबललॅम्प. एक-दोन बरण्या असतील तर माझी पहिली पसंती हीच. ९ वॉटचा चांगला बल्ब ८०० ते ९०० ल्युमेन देतो. पण तो उघडाच टांगला तर उजेड चहूकडे, छताला आणि भिंतीला जातो. फूटभर खाली जेमतेम हजार-बाराशे लक्स पोचतात. त्याच बल्बवर आतून पांढरी किंवा चकचकीत असलेली पत्र्याची छत्री चढवा, त्याच अंतरावर तीन-साडेतीन हजार लक्स मिळतील. म्हणजे नवा दिवा न घेता उजेड तिप्पट. बल्ब घेण्याआधी छत्री घ्या असं मी म्हणतो ते यासाठी.

एलईडी बॅटन, एक किंवा दोन फुटी. फळीवर बरण्यांची रांग असेल तर हा सोयीचा. दोन फुटी, १० वॉटची पट्टी वरच्या फळीच्या तळाला बसवली आणि झाडं तिच्याखाली वीतभर अंतरावर असली, तर मधोमध साडेतीन-चार हजार लक्स सहज मिळतात. टोकांना उजेड कमी पडतो. तिथे मॉस आणि नेचे ठेवा, बिगोनिया मध्यावर. जास्त हवा असेल तर शेजारी दुसरी पट्टी लावा. एकच फार तेजस्वी पट्टी घेण्यापेक्षा ते बरं, कारण उजेड सारखा पसरतो.

मत्स्यपेटीचा दिवा. चौकोनी काचपेटी असेल तर काठावर बसणारे हे दिवे उत्तम. दमट हवेसाठीच बनलेले असतात. निळ्या-लाल बटणांच्या करामती टाळा. पांढरा उजेड पुरे.

यूएसबीचा लवचिक मानेचा ग्रो लाइट. बाजारात सगळ्यात जास्त हाच खपतो. टायमर आयता मिळतो ही त्याची जमेची बाजू. खोक्यावर ४० किंवा ८० वॉट लिहिलेलं असतं, पण साध्या ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या चार्जरवर तो चालत असेल तर १० वॉटच्या वर जाऊच शकत नाही. हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या करा. झाडाला अगदी जवळ, वितीच्या आत ठेवला तर मॉस-फिटोनियापुरता चालतो.

एलईडी पट्टीचं रीळ. झाकणाच्या आत चिकटवण्याचा मोह होतो. बंगालच्या दमट हवेत गोंद सुटतो आणि पट्टी ओल्या मातीत पडते. चिकटवायचीच तर बाहेरून, काचेच्या वर.

सजावटीच्या तारांचे दिवे दिसायला सुरेख, पण झाडाच्या दृष्टीने ते नसल्यातच जमा. पिवळा जुना बल्बही नको. तो उजेड कमी आणि उष्णता जास्त देतो. नव्याने सीएफएल घेण्यातही अर्थ नाही. फुटली तर पारा.

खोक्यावर काय वाचायचं

- ल्युमेन. वॉट म्हणजे वीज किती जळते. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. वॉटला ९०-१०० ल्युमेन मिळाले तर दिवा बरा. ‘१०० वॉटच्या तोडीचा’ असल्या दाव्यांकडे लक्ष देऊ नका.
- रंग. ४,००० ते ६,५०० केल्विन. खोक्यावर ‘कूल व्हाइट’ किंवा ‘कूल डेलाइट’ असं लिहिलेलं असतं. बैठकीच्या खोलीत ४,००० डोळ्यांना सुखाचा.
- सीआरआय. ८० च्या वर असावा. पानांचा खरा रंग दिसतो, रोग लवकर कळतो. जांभळ्या दिव्यात झाड वाढतं हे खरं, पण पिवळं पडलेलं पान ओळखू येत नाही.
- पीपीएफडी, म्हणजे झाडाच्या कामाचा किती उजेड पानावर पडतो त्याचं माप. चांगले उत्पादक हा आकडा अंतरासकट देतात. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागलं की तो अंदाजे मिळतो. अंतर न सांगता दिलेल्या पीपीएफडीला काही किंमत नाही.
- ‘फुल स्पेक्ट्रम’. हा शब्द कोणीही छापू शकतो. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

दिवा बदलण्याआधी अंतर बदला

छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड साधारण चौपट होतो. दोन फुटांवर टांगलेला दिवा फूटभरावर आणा आणि पुन्हा मोजा. पुष्कळदा प्रश्न तिथेच संपतो. दिवा खाली येत नसेल तर बरणी वर उचला, खाली दोन विटा किंवा उलटी कुंडी ठेवा. मागच्या बाजूला पांढरा जाड कागद लावला तर वाया जाणारा बराचसा उजेड परत येतो.

उजेड एकदम वाढवू नका. हजार लक्सवर जगलेलं पान अचानक पाच हजाराखाली आलं तर करपतं. पहिले तीन-चार दिवस जादा उजेड चार तास, मग दर दोन-तीन दिवसांनी तासभर वाढवत जा. जुनी, सुतासारखी वाढ पुन्हा आखूड होणार नाही. ती छाटून टाका. सुधारणा नव्या पानांत शोधा आणि त्याला तीन-चार आठवडे द्या.

किती तास?

नागपूर किंवा मुंबईहून बदली होऊन आलेल्यांना डिसेंबरातली इथली संध्याकाळ चमत्कारिक वाटते: पाच वाजायच्या आत सूर्यास्त. खिडकीच्या भरवशावरची पेटी त्या महिन्यांत लवकर अंधारात जाते. पावसाळ्यात दिवस मोठा असतो, पण ढग उतरले की खिडकीतला उजेड अगदी थोडा उरतो.

- खिडकीचा उजेड बरा असेल तर हिवाळ्यात दुपारी तीनपासून रात्री आठपर्यंत दिवा लावा.
- खिडकीच नसेल तर १२ तास.
- चोवीस तास कधीही नको. रात्र हवीच. बारा-चौदा तासांच्या पुढे गेलं की झाडापेक्षा शेवाळाचं फावतं.

हाताने चालू-बंद करणं चार दिवस जमतं. पिनमध्ये खोचायचा साधा टायमर घ्या. खर्चाची धास्ती नको: ९ वॉटचा दिवा रोज १२ तास म्हणजे महिन्याला सव्वातीन युनिट. युनिटला ८ रुपये धरले तरी २६ रुपये. वीज चार-सहा तास गेली म्हणून इन्व्हर्टरवर दिवा चालवू नका. झाडाला ते जाणवतही नाही.

एप्रिल-मे वेगळे

बंद काचपेटीवर थेट ऊन पडलं की आतली हवा खोलीपेक्षा खूप तापते आणि फिटोनिया एका दुपारीत शिजते. उन्हाळ्यात ‘उजेड कमी आहे’ म्हणून बरणी खिडकीच्या कठड्यावर सरकवणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. त्या दोन महिन्यांत बरणी आत घ्या आणि दिव्यावर जगवा. दिवा नेहमी काचेच्या बाहेर असू द्या आणि झाकणाला टेकवू नका. एलईडीसुद्धा मागच्या बाजूने तापतो. दिव्याचे तास पहाटे आणि रात्री वळवले तर आणखी बरं: पहाटे पाच ते दहा, संध्याकाळी सहा ते अकरा. अशा दोन पाळ्या मॉस आणि नेच्यांना चालतात.

पाणी आणि वीज एकाच फळीवर

- एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको. गल्लीत गुडघाभर पाणी साचणाऱ्या भागात तळमजल्यावर राहत असाल, तर बोर्ड आणि अडॅप्टर टेबलाच्या उंचीच्या वर बांधा.
- वायर दिव्यापासून आधी खाली झोका घेऊन मग प्लगकडे वर जाऊ द्या. ओघळणारं पाणी झोक्याच्या टोकाशी टपकेल, प्लगमध्ये शिरणार नाही.
- फवारा मारताना दिवा बंद. उघड्या पेटीजवळच्या दिव्याला निदान आयपी ४४, शिंतोडे बसणार असतील तर आयपी ६५ असावं.
- पत्र्याच्या छत्रीच्या लॅम्पला तीन पिनांचा प्लग आणि घरात चालू अवस्थेतलं अर्थिंग हवं. जुन्या घरात इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवता आला तर बसवाच.
- कालबैशाखीचं वादळ घोंघावू लागलं की प्लग काढा.

कुठून घ्यावा

गंगेपलीकडे एझ्रा स्ट्रीटवर दिव्यांची घाऊक दुकानं आहेत. बॅटन, छत्र्या, सुटे होल्डर तिथे मिळतात. चांदनी चौकात टायमर आणि अडॅप्टर. मत्स्यपेटीच्या दिव्यासाठी रविवारी गॅलिफ स्ट्रीटच्या बाजाराची फेरी करता येईल. तिथे दिवा लावून दाखवायला सांगा आणि फोनने मोजा. दुकानदार हसेल, हसू द्या. बिल मात्र मागा. ‘बिलाशिवाय पन्नास रुपये कमी’ ही सूट दिवा बिघडल्यावर पुरेपूर वसूल होते.

तुमचे हक्क

घरगुती एलईडी बल्ब आणि बरेचसे अडॅप्टर यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. मालावर मानक चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून पाहा. उत्पादकाचं नाव जुळत नसेल तर माल घेऊ नका. ऑनलाइन विक्रीत उत्पादक किंवा आयातदार, कमाल किंमत आणि कुठल्या देशात बनला हे दाखवणं बंधनकारक आहे.

दिवा सांगितल्यापेक्षा कमी वॉटचा निघाला किंवा हमीच्या मुदतीत बंद पडला, तर या क्रमाने चला:

1. खोकं उघडतानाचं चित्रण, बिल, खोक्यावरच्या दाव्याचा फोटो आणि विक्रीच्या पानाची प्रत जपून ठेवा. जाहिरातीतला आकडा नंतर बदलला जातो, म्हणून ही प्रत खरेदीच्या दिवशीच काढा.
2. विक्रेत्याला लेखी कळवा. ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.
3. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुष्कळ तक्रारी इथेच मिटतात.
4. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही हावड्याच्या आयोगाकडे जाऊ शकता. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची.

चारशे रुपयांच्या दिव्यासाठी आयोगापर्यंत कोण जाणार, असं वाटेल. बहुधा जावं लागत नाही. दुसऱ्या पायरीवरच्या पत्रात १९१५ चा आणि मानक ब्युरोच्या क्रमांकाचा उल्लेख करा, पैसे परत येण्याची शक्यता बरीच वाढते. पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत लिहा आणि मालाचा क्रमांक व खरेदीची तारीख पहिल्याच ओळीत घाला.